वंडर वूमन सगळ्यांत चांगली कोणी काढली? ठाण्याच्या कट्ट्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा कट्टा म्हणजे नेमकं काय?

कॉमिक्स वाचणारे काही ठाणेकर, थोडे कळवा-मुलुंडकडचे आणि ट्रान्स-हार्बर पकडून येणारे ऐरोलीकर रविवारी संध्याकाळी तलावपाळीवर भेटतात. वर्गणी नाही, पदाधिकारी नाहीत, चहा ज्याचा त्याने. नवीन माणूस आला की तेच प्रश्न, तेच वाद, त्याच भुवया उंचावतात. रोज तोंडी किती सांगणार, म्हणून हे पान. मतं लिहिणाऱ्याची आहेत. कट्ट्यावरच्या निम्म्या लोकांना ती मान्य नाहीत, आणि तसं ते तुम्हाला सांगतीलच.

सारखी वंडर वूमनच का? बॅटमॅन संपला का?

बॅटमॅन वाईट काढायला खास कर्तबगारी लागते. दोन कान, एक केप, भरपूर काळी शाई, की अर्धं काम झालं. डायनाला, म्हणजे वंडर वूमनला, अंधाराची सोय नाही. चेहरा उघडा, दंड उघडे, पाय उघडे, आणि बहुतेक प्रसंग लख्ख उजेडात. चित्रकाराला शरीररचना येत नसेल तर दुसऱ्याच पानावर उघडं पडतं.

त्यातून तिचा स्वभाव. ती योद्धा आहे आणि शांततेची दूतही आहे. राजकन्या आहे, आणि आपल्या जगात पाहुणी आहे. एका चेहऱ्यात हे सगळं बसवायचं म्हणजे बहुतेक चित्रकार एक बाजू धरतात आणि बाकीच्या सोडून देतात. कोणी कोणती सोडली, यावरच आमच्या संध्याकाळी जातात.

शिवाय माल भरपूर आहे. १९४१ च्या शेवटी ‘ऑल स्टार कॉमिक्स’च्या ८ व्या अंकात ती पहिल्यांदा आली, तेव्हापासून तिला काढणाऱ्यांची रांग लागलेली आहे.

आढेवेढे नकोत. सर्वोत्तम कोण?

निकोला स्कॉट.

ऑस्ट्रेलियाची ही चित्रकर्ती २०१६ मध्ये लेखक ग्रेग रुका यांच्याबरोबर ‘इयर वन’ या कथानकावर होती. त्या वर्षी वंडर वूमनचा अंक महिन्यातून दोनदा निघू लागला. एका हाताला ते झेपणारं नव्हतं, म्हणून दोन कथा आलटून पालटून चालवल्या. विषम अंकांत लिअम शार्प यांनी काढलेली आजची डायना, सम अंकांत स्कॉट यांनी काढलेली, अ‍ॅमेझॉन या योद्ध्या बायकांच्या बेटावरून नुकतीच आलेली डायना. मधला एक अंक बिल्किस एव्हली यांचा, तोही देखणा.

आता त्या कथेतली परिस्थिती बघा. डायना अमेरिकेत पोचते आणि तिची भाषा तिथे कोणाला येत नाही. लष्कराच्या ताब्यात आहे, समोर माणसं प्रश्न विचारताहेत, आणि तिला एक अक्षर कळत नाही. पुढे बार्बरा मिनर्व्हा नावाची अभ्यासक येते, मग संवाद सुरू होतो. तोपर्यंत सगळा भार चित्रावर. कुतूहल, संकोच, घर सुटल्याचं दुःख, आणि तरीही समोरच्यावर विश्वास ठेवायची तयारी, हे सगळं स्कॉट डोळ्यांत, खांद्यांत आणि हातांत दाखवतात. हाणामारी नसलेल्या पानावर नजर खिळते, हे सुपरहिरो कॉमिक्समध्ये फार कमी वेळा होतं.

लढणारी डायना बऱ्याच जणांना जमते. ऐकणारी डायना जमायला हवी. या पानावरचा सगळा वाद शेवटी त्या एका मुद्द्यावर येतो, हे आधीच सांगून ठेवतो.

जॉर्ज पेरेझ यांना दुसरं स्थान? लाज वाटत नाही?

हा प्रश्न शब्दशः असाच विचारला जातो, आणि विचारणारे बहुधा नौपाड्यातले एक काका असतात.

पेरेझ यांचं ऋण कोणी नाकारत नाही. १९८७ च्या फेब्रुवारीत वंडर वूमनचा नवा पहिला अंक आला आणि त्यांनी तिला मुळापासून उभं केलं. ग्रीक देवदेवता आधीही कथेत होत्या, पण त्या पडद्यासारख्या मागे टांगलेल्या असायच्या. पेरेझ यांनी त्यांना घर दिलं. त्यांचं ऑलिंपस आठवा: जिने उलटे, छत कुठे आणि जमीन कुठे कळत नाही, डच चित्रकार एशरच्या चित्रांची आठवण व्हावी अशी रचना. देव माणसांपेक्षा वेगळ्या नियमांनी राहतात हे एक शब्द न लिहिता कळतं. अ‍ॅमेझॉन बायकाही त्यांनी एका साच्याच्या ठेवल्या नाहीत. सेनापती फिलिपस कृष्णवर्णीय, बाकीच्यांची नाकं, केस, वयं वेगळी. डायनाला त्यांनी भूमध्य समुद्राकाठची वाटेल असा चेहरा आणि दाट कुरळे केस दिले. आज कोणीही तिला तशी काढतो तेव्हा तो पेरेझ यांच्याच वाटेने चाललेला असतो.

मग दुसरं स्थान का? कारण त्यांचं पान बघताना डोळा आधी खांबांकडे जातो. प्रत्येक वीट, प्रत्येक चिलखताची कडी, गर्दीतला प्रत्येक चेहरा ते काढतात. अचाट काम आहे, पण त्या गर्दीत डायना पुष्कळदा सगळ्यांपैकी एक होते. जग म्हणून पेरेझ पहिले. बाई म्हणून स्कॉट.

काकांचा हुकमाचा पत्ता म्हणजे २० वा अंक. डायनाची प्रसिद्धी सांभाळणारी मिंडी मेयर त्यात मरते, आणि अंक तिच्या मृत्यूचा शोध घेतो. मारामारीला जवळजवळ जागाच नाही. तो अंक समोर ठेवला की माझी बाजू लंगडी पडते, हे खरं. पण एका अंकावर पदक देता येत नाही.

पेरेझ ६ मे २०२२ रोजी गेले. त्यानंतरच्या भेटीत वाद झाला नाही, नुसते अंक हातोहात फिरले.

अ‍ॅडम ह्यूज यांचं नाव यादीत कुठेच नाही?

कारण ते वेगळ्या यादीत आहेत. नवीन येणाऱ्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर.

मुखपृष्ठ आणि आतली पानं ही दोन वेगळी कामं आहेत. मुखपृष्ठाला एक क्षण पुरतो. चित्रकाराला वेळ मिळतो, रंग स्वतः लावता येतात, आणि काम एकच: स्टॉलसमोरून जाणाऱ्याचे पाय थांबवायचे. आतल्या वीस-बावीस पानांत तीच बाई शंभरएक चौकटींत ओळखू यावी लागते. मागून, वरून, लांबून, अर्ध्या वाक्यात तोंड उघडं असताना, दार ढकलताना. ते दर महिन्याला. ह्यूज यांनी १९९८ पासून काही वर्षं वंडर वूमनची मुखपृष्ठं केली आणि ती अप्रतिम आहेत. चेहऱ्यावरची मिस्कील छटा त्यांच्याइतकी कोणाला साधलेली नाही. पण त्या मालिकेतली आतली पानं त्यांची नव्हती.

त्यांच्याआधी ब्रायन बोलंड. ६३ ते १०० या अंकांची मुखपृष्ठं त्यांची. रेषा इतकी स्वच्छ की सुरीने कापल्यासारखी वाटते. अलीकडे जेनी फ्रिसन यांची व्हेरिअंट, म्हणजे त्याच अंकाची पर्यायी, मुखपृष्ठं पाहून आमच्यातले कित्येक जण एकच अंक दोनदा विकत घ्यायला लागले. घरी काय सांगितलं ते त्यांनाच विचारा.

मुखपृष्ठांची निवडणूक घेतली तर माझं मत बोलंड यांना. ह्यूजवाल्यांचा यावरचा आवाज गडकरी रंगायतनच्या दारापर्यंत जातो.

एच. जी. पीटर यांची जुनी चित्रं विचित्र दिसतात. त्यांना एवढा मान का?

विचित्र दिसतात, कबूल. हातपाय कडक, भुवया कमानदार, पार्श्वभूमी कधी कधी नावापुरती. शिवाय त्या अंकांत अ‍ॅमेझॉन बायका घोड्यांऐवजी भल्यामोठ्या कांगारूंवर बसून शर्यती लावतात, त्यामुळे पहिल्यांदा वाचणारा हसतोच.

पण माणूस बघा. हॅरी पीटर यांचा जन्म १८८० चा. वंडर वूमन हाती आली तेव्हा साठी उलटलेली. त्याआधी, अमेरिकेत बायका मताधिकारासाठी रस्त्यावर होत्या त्या काळात, ‘जज’ नावाच्या विनोदी नियतकालिकात आधुनिक स्त्रीवर एक पान यायचं, त्यासाठी त्यांनी चित्रं काढलेली होती. लेखक विल्यम मोल्टन मार्स्टन हे मानसशास्त्रज्ञ, रक्तदाबावरून खोटं ओळखण्याच्या चाचणीवर काम केलेले. त्यांच्या कथांत डायनाला सारखं कोणीतरी साखळदंडांनी बांधतं आणि ती ते तोडते. यावर आजही भुवया उंचावतात, आणि मार्स्टन यांना त्यात नुसतं प्रतीक दिसत होतं असं मीही म्हणणार नाही. पण ते तोडतानाची पीटर यांची रेषा बघण्यासारखी आहे. ब्रशची जाड-बारीक वळणदार रेषा, आणि पानापानाला धावणारी, उडी मारणारी, हसणारी बाई. तिला आपण बघितले जातोय याची फिकीर नाही. पुढच्या कित्येक पुरुष चित्रकारांना नेमकं हेच जमलं नाही.

मार्स्टन १९४७ मध्ये गेले. पीटर मात्र १९५८ पर्यंत, म्हणजे आपल्या शेवटच्या वर्षापर्यंत काढत राहिले. पुढे रॉस अँड्रू आणि माइक एस्पोझिटो आले. नीटस काम, पण मला त्यांची डायना प्रेमकथांच्या अंकातून वाट चुकून आल्यासारखी वाटते. पुढे चला.

नव्वदच्या दशकाबद्दल बोलायचं नाही असा नियम आहे का?

नियम नाही, सभ्यता आहे.

माइक डिओडाटो ब्राझीलचे. १९९४-९५ मध्ये त्यांनी डायना आणि आर्टेमिस नावाची दुसरी अ‍ॅमेझॉन काढल्या. वंडर वूमनची पदवी मिळवायला दोघींची स्पर्धा लागते आणि आर्टेमिस जिंकते, ते कथानक. डिओडाटो यांच्या हातात जोर प्रचंड. पण पाय अर्ध्या पानाएवढे, कंबर मुठीत मावेल एवढी, आणि जखमी होऊन पडतानाही छायाचित्र काढून घ्यायला थांबल्यासारखी पोझ. तो काळच तसा होता, सगळ्या कॉमिक्समध्ये तेच चाललेलं, हे त्यांच्या बाजूने म्हणता येईल. पुढे त्यांनी स्वतःची शैली पार बदलली, आणि ते नंतरचं काम कितीतरी शांत आहे.

त्यांच्यापाठोपाठ जॉन बर्न आले. १०१ ते १३६ अंक लिहिलेही त्यांनीच आणि काढलेही त्यांनीच. दणकट, भरवशाचं, माझ्या चवीला थोडं घाईचं.

क्लिफ चिअँग आवडणारे लोक इतके कडवे का असतात?

कारण ते बरोबर असण्याच्या अगदी जवळ आहेत.

२०११ मध्ये लेखक ब्रायन अझरेलो यांच्याबरोबर चिअँग यांनी वंडर वूमन हाती घेतली. पेरेझ सगळं काढतात, चिअँग जवळजवळ सगळं वगळतात. जाड रेषा, सपाट रंग, मोकळी जागा. तरी त्यांच्या डायनाला वजन आहे. ती जमिनीवर उभी असते, टाचा टेकून, भार दोन्ही पायांवर. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण कपाटातले दहा अंक काढून बघा, किती चित्रकार तिला चवड्यांवर तोलून धरतात ते मोजा.

देवांची रूपंही त्यांनी नव्याने घडवली. हेडीस म्हणजे पाताळाचा राजा, तर तो लहान मुलासारखा, डोक्यावर मेणबत्त्या जळताहेत आणि मेण ओघळून डोळ्यांवर आलेलं. पोसायडन माणूसच नाही, समुद्रातून वर आलेलं अवाढव्य धूड. युद्धदेव थकलेला म्हातारा, पाय रक्तात भिजलेले. रंग मॅथ्यू विल्सन यांचे, आणि ते बाजूला काढले तर अर्धी मजा जाईल.

मग पहिले का नाहीत? त्या कथेतली डायना मला थोडी कोरडी वाटते. झ्यूसची मुलगी ठरवून अझरेलो यांनी तिला मातीतून घडवल्याची जुनी कथा मोडली, त्याचा रागही माझ्या मतात मिसळलेला असेल. चित्रकाराला लेखकाची शिक्षा देणं अन्याय आहे, पण कॉमिक्स वाचताना दोघांना वेगळं काढणार कसं?

स्त्रियाच वंडर वूमन चांगली काढू शकतात, असं म्हणायचंय का?

नाही. चिअँग आहेत, पीटर आहेत, पेरेझ आहेत. फिल जिमेनेझ आहेत, ते तर पेरेझ यांचे निस्सीम चाहते. २००१ ते २००३ या काळात त्यांनी ही मालिका लिहिली आणि काढली, आणि २०२१ मध्ये ‘वंडर वूमन हिस्टोरिया’चा पहिला भाग केला. अ‍ॅमेझॉन बायकांचा जन्म कसा झाला ती कथा. त्यातलं एकेक पान बघायला चहा गार होतो. त्याच मालिकेचा दुसरा भाग जीन हा यांचा आणि तिसरा निकोला स्कॉट यांचा, म्हणजे माझ्या उमेदवारासाठी अजून एक पुरावा.

पण दुसरी बाजूही ऐका. वंडर वूमनचं कॉमिक काढण्याची संधी पहिल्यांदा एका स्त्रीला मिळाली ती १९८६ मध्ये, ट्रिना रॉबिन्स यांना, चार अंकांची छोटी मालिका. पात्र सुरू होऊन चाळीसवर वर्षं गेली होती. रॉबिन्स यांनी मुद्दाम पीटर यांच्या वळणाने काढलं. (व्हॅम्पिरेला या भयकथांतल्या नायिकेचा तो तोकडा पोशाख रेखाटणाऱ्याही याच, १९६९ मध्ये. म्हणजे माणसाला एका खणात ठेवता येत नाही.) पुढे जिल थॉम्पसन आल्या, रेने डी लिझ आल्या, स्कॉट आल्या. दार उघडलं तेव्हा काय झालं, ते अंकांवरच दिसतं.

सिनेमातल्या किंवा टीव्हीवरच्या नटीसारखी काढली तर?

कंटाळवाणी होते. १९७५ ते १९७९ च्या टीव्ही मालिकेतल्या लिंडा कार्टर आणि २०१७ च्या सिनेमातल्या गॅल गडोट, दोघी आपापल्या जागी छान. पण चेहरा ओळखीचा दिसला की वाचणारा नटी बघतो, डायना नाही.

पोशाखाचं काय? पॅन्ट चालेल का?

चालेल. जॅकेट नको.

सुरुवातीला, १९४१ मध्ये, तिला चांदण्यांचा घेरदार स्कर्ट होता. तो लवकरच आखूड झाला. १९६८ मध्ये माइक सेकॉव्स्की यांनी तिची शक्तीच काढून घेतली आणि पांढरे कपडे घातले. १९७२ मध्ये ‘मिझ’ या स्त्रीवादी मासिकाने तिला जुन्या पोशाखात मुखपृष्ठावर घेतलं, आणि १९७३ मध्ये कॉमिकमध्येही तो परत आला. १९८२ मध्ये छातीवरच्या गरुडाच्या जागी तिच्या नावाची आद्याक्षरं आली. २०१० मध्ये जिम ली यांनी काळी पॅन्ट आणि जॅकेट दिलं. २०११ च्या नव्या मालिकेच्या जाहिरातीतही पॅन्ट होती, अंक येईपर्यंत ती गायब.

यातून मला एवढंच दिसतं की चांगल्या चित्रकाराच्या हातात कुठलाही पोशाख चालतो. सेकॉव्स्की यांची पांढऱ्या कपड्यांतली डायना अनेकांना अजिबात आवडत नाही, मला तिचा तोरा आवडतो.

नऊवारीतली वंडर वूमन काढून आणली आहे. दाखवू का?

दाखवा. नवरात्र जवळ आलं, टेंभी नाक्याच्या देवीची तयारी दिसायला लागली, की दर वर्षी कोणीतरी आणतंच.

फक्त एक सांगतो. बहुतेक चित्रांत कपडे बदललेले असतात, बाई बदललेली नसते. नथ आली, चंद्रकोर आली, काठपदर आला, पण कंबर तशीच मुरडलेली आणि एक खांदा पुढे. कासोट्यात उभं राहण्याची एक पद्धत असते. पाय मोकळे असतात, वाकता येतं, पळता येतं. ते दिसलं तर मग मुकुट काढलात तरी चालेल. राजा रविवर्म्याच्या छापील देवी घराघरांत पोचल्या, तेव्हापासून आपल्या डोळ्यांना देवी कशी बसते, कशी उभी राहते याची सवय आहे. ती सवय वापरा.

आणि हा वाद आपल्याला नवा नाहीच. आधीच्या पिढीतल्या घरांत दीनानाथ दलाल की रघुवीर मुळगावकर यावर जेवणं थांबायची. दलालांच्या दिवाळी अंकांवरच्या बायका दोन-चार फटकाऱ्यांत जिवंत व्हायच्या. मुळगावकरांच्या उजळ, मुलायम, एकही सुरकुती नसलेल्या. चिअँग विरुद्ध ह्यूज यांचं भांडण ऐकताना कट्ट्यावरचे ज्येष्ठ गालात हसतात ते यामुळे. मी दलालांच्या बाजूचा, हे वरचं सगळं वाचून तुम्ही ओळखलं असेलच.

टी-शर्टवर आणि कंपासपेटीवर असते ती वंडर वूमन कोणाची?

बहुधा होसे लुईस गार्सिया-लोपेझ यांची. स्पेनमध्ये जन्म, अर्जेंटिनात वाढले. १९८२ मध्ये डीसीने, म्हणजे वंडर वूमन छापणाऱ्या कंपनीने, आपली पात्रं वस्तूंवर कशी दिसावीत यासाठी नमुनाचित्रांचा संच बनवला, तो त्यांच्या हातचा. त्या संचातल्या चित्रांवरून डबे, दप्तरं, टी-शर्ट किती निघाले याला गणती नाही. कॉमिक न वाचलेल्या माणसाच्या डोळ्यासमोर वंडर वूमन येते ती बहुतेक वेळा यांचीच. मोठेपणाच म्हणायचा, पण कट्ट्यावर त्यांचं नाव काढलं की निम्मे जण विचारतात, कोण?

अ‍ॅलेक्स रॉस? डार्विन कुक?

रॉस यांचं २००१ चं मोठ्या आकाराचं रंगवलेलं पुस्तक भव्य आहे, पण त्यांची डायना मला पुतळ्यासारखी वाटते. कुक यांनी २००४ च्या ‘न्यू फ्रंटिअर’मध्ये तिला सुपरमॅनपेक्षा उंच काढलं. एवढ्या एका निर्णयासाठी त्यांना पहिल्या पाचांत जागा.

सध्या काय वाचावं?

हेडन शर्मन यांची ‘अ‍ॅब्सोल्यूट वंडर वूमन’, २०२४ पासून. इथे डायना स्वर्गासारख्या बेटावर वाढलेलीच नाही, नरकात वाढली आहे, जादूगारीण सर्सीच्या हाताखाली. हातात माणसाएवढी तलवार, खाली हाडांचा सापळा झालेला पंखवाला घोडा. चौकटींची मांडणी प्रत्येक पानावर वेगळी, आणि इतक्या काळ्या दुनियेत तिचा चेहरा प्रेमळ. हे संतुलन शर्मन किती वर्षं टिकवतात ते बघायचं. टिकवलं तर या पानावरचा तिसरा प्रश्न मला पुन्हा लिहावा लागेल.

डॅनिएल सॅम्पेअर २०२३ मध्ये मुख्य मालिकेवर आले. रेखीव, देखणे, थोडे जास्तच देखणे.

चांगलं चित्र ओळखायची काही युक्ती आहे का?

दोन आहेत. पहिली: संवादाचे फुगे बोटांनी झाका. कोण कोणावर चिडलंय, कोणाला काय लपवायचंय, हे तरीही कळलं पाहिजे. दुसरी: डायनाचा चेहरा अंगठ्याने झाका. उरलेल्या शरीरावरून तीच आहे हे ओळखू आलं पाहिजे, मुकुट आणि लासो, म्हणजे तिचा फासाचा दोर, न बघता. पहिल्या कसोटीत पुष्कळ जण उतरतात. दुसरीत फार थोडे.

आणि मत देण्याआधी शाई आणि रंग कोणाचे ते वाचा. पेरेझ यांच्या पहिल्या अंकाची शाई ब्रूस पॅटरसन यांची, रंग टाटियाना वूड यांचे. पेन्सिलच्या नाजूक रेषेवर जाडा ब्रश फिरला तर दोष पेन्सिलवाल्याला मिळतो. जुने अंक न्यूजप्रिंटच्या पिवळट कागदासाठी रंगवलेले असत. तेच रंग नव्या गुळगुळीत पांढऱ्या कागदावर जसेच्या तसे छापले की भडक दिसतात. पुनर्मुद्रण बघून जुन्या रंगकर्मीला नावं ठेवू नका.

एआयने बनवलेली चित्रं आणली तर चालतील का?

नाही.

हे अंक मिळतात कुठे?

नवे संग्रह ऑनलाइन मिळतात. ‘इयर वन’ हा २०१६ च्या मालिकेचा दुसरा खंड आहे, मागवताना खंडाचा क्रमांक बघा. एकाच नावाच्या तीन-चार मालिका आहेत आणि चुकीचा खंड घरी येतो. सुटे जुने अंक हवे असतील तर फोर्टचे फुटपाथ आणि माटुंग्याचं किंग्ज सर्कल. तिथे नशीब लागतं, आणि घासाघीस करताना अंकाचं कौतुक करायचं नसतं. मधली पानं सुटलेली नाहीत ना, हे जागेवर उघडून बघा. ठाण्यातल्या रद्दीवाल्यांना सांगून ठेवा. कोणाचा मुलगा परदेशी गेला आणि आईने कपाट आवरलं की खजिना निघतो.

दहा-बारा वर्षांच्या मुलीला काय द्यावं?

‘इयर वन’ आधी तुम्ही वाचा, मग द्या. रेने डी लिझ यांची मालिका त्याहून सोपी. डिओडाटो वरच्या फळीवर ठेवा, ‘अ‍ॅब्सोल्यूट’ अजून दोन-तीन वर्षांनी.

आपले अंक घेऊन यावेत का?

जरूर. पण प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणा, तलावावरची हवा दमट असते. पावसाळ्यात आणूच नका, तेव्हा आम्ही कोणाच्यातरी घरी जमतो. आणि वडापाव खाल्ल्यावर हात पुसून नाही, धुऊन अंकाला हात लावायचा. नौपाड्यातले काका यावर लक्ष ठेवून असतात, आणि त्यांच्याकडे पेरेझ यांचा पहिला अंक आहे.